कोबीविरुद्धचा माझा अर्ज

अर्ज मीच लिहिला होता. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण आमच्या व्हिलात या प्रकरणाच्या चार-पाच आवृत्त्या फिरतायत आणि त्यातल्या प्रत्येकीत मी खऱ्यापेक्षा बरा माणूस निघतो. एकीत मला फसवून लिहायला लावलं, दुसरीत मी फक्त टाइप केलं. खोटं आहे. कल्पना माझी, भाषा माझी, 'कम्युनिटी हार्मनी' हे शब्दही माझेच. नंतर मी जे केलं त्यासाठी मला व्हिलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं, तेही सगळं माझंच. अर्जाची मला लाज वाटते. नंतरच्याची नाही, आणि कोणी कितीही तोंड वाकडं केलं तरी वाटणार नाही.

आधी व्हिला. अबुधाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीत एका दुमजली व्हिलाचे भिंती घालून सात फ्लॅट केलेले आहेत. त्यातल्या एकात मी आणि बायको अकरा वर्षं राहतोय. मुलगी दहा वर्षांची, तिचा जन्मच इथला. मागचं अंगण, तिथली पत्र्याची स्टोअररूम आणि वरची गच्ची सगळ्यांची सामाईक. एक केरळी जोडपं सोडलं तर सगळी मराठी कुटुंबं, आणि ते जोडपंही आता 'काय म्हणता' म्हणायला शिकलेलं. आम्ही त्याला 'आपला व्हिला' म्हणत असू. खरं तर त्यात आपले म्हणाल तर फक्त पडदे. बाकी सगळं मालकाचं. मालक म्हणजे एक वयस्क अमिराती गृहस्थ; इकडच्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना अरबाब म्हणतो.

वरच्या मजल्यावर आमचे सेक्रेटरी राहतात. व्हिलाला सोसायटी नाही, त्यामुळे सेक्रेटरी असं पदही नाही. पण ते पुण्याचे इंजिनिअर आहेत. पुण्याच्या माणसाला पद कुणी द्यावं लागत नाही, ते सामानाबरोबर येतं. ग्रुपचे ॲडमिन तेच, गणपतीची वर्गणी तेच ठरवणार, कुणाची गाडी तिरकी लागली याचा फोटोही तेच टाकणार. आम्ही दोघं एकमेकांना 'सर' म्हणतो. हाफिसातली सवय.

आणि मी? मी एका बांधकाम कंपनीच्या कॉन्ट्रॅक्ट्स डिपार्टमेंटमध्ये आहे. माझं काम पत्रं लिहायचं. समोरच्या कंपनीच्या माणसाकडून साइटवर पाण्याची बादली सांडली, तर मी ती 'साइटच्या परिस्थितीत झालेला गंभीर बदल' अशी लिहितो. दोन मिनिटांचा उशीर मी 'प्रकल्पावर दूरगामी परिणाम' करणारा करून दाखवतो. शेवटी ठोकून देतो की आमचे सगळे हक्क आम्ही राखून ठेवत आहोत. याचाच मला पगार मिळतो. साहजिकच व्हिलाचे सगळे अर्ज माझ्याकडे. एसी गळतोय, टाकीत शेवाळ आहे, समोरच्या दुकानाचा ट्रक गेट अडवतो. "सर, तुमच्या इंग्लिशला तोड नाही," असं सेक्रेटरी म्हणाले की मी दोन दिवस तरंगत असे.

तर गेल्या उन्हाळ्यात डोंबिवलीचं एक कुटुंब 'फॉर गुड' गेलं. आखातात माणसं परत जातात ती अशीच, 'फॉर गुड'. त्यांच्या फ्लॅटमध्ये ऑगस्टच्या भर उकाड्यात एक गोरा माणूस आला. गोरा, आणि स्वतः सोफा उचलत होता! एक टोक त्याच्या खांद्यावर, दुसरं बायकोच्या. मागे आमच्या मुलीएवढी एक मुलगी, हातात टेबललॅम्प.

मी आणि सेक्रेटरी गच्चीवरून बघत होतो.

"सर, लक्षात येतंय का?" सेक्रेटरी हळूच म्हणाले. "गोरे लोक रीम बेटावर राहतात, सादियात बेटावर राहतात. हा इथे आला म्हणजे काहीतरी भानगड आहे."

"नोकरी गेली असेल."

"किंवा काढला असेल. कुठला आहे?"

नातूरने, म्हणजे आमच्या वॉचमनने, खालून ओरडून सांगितलं, "पोलंड, सर!"

"हां," सेक्रेटरी म्हणाले. सगळं उलगडल्यासारखं. "म्हणजे खरा गोरा नाही."

हे वाक्य ऐकून मी हसलो नाही. मी मान डोलावली. कारण पोलंडच्या लोकांबद्दल माझं ज्ञान तयारच होतं. माझा मेव्हणा इंग्लंडमध्ये असतो. नाशिकहून गेला, तिकडे घर घेतलं आणि तेव्हापासून दर रविवारी फोनवर सांगतो की पोलंडवाल्यांनी त्याची सगळी वस्ती बदलून टाकली. दुकानांवर त्यांच्या पाट्या, चर्चबाहेर त्यांची गर्दी, नळ दुरुस्तीला माणूस बोलवावा तर तोही तोच. "पूर्वीसारखं राहिलं नाही रे," तो म्हणतो. पूर्वी म्हणजे कधी, असं मी त्याला कधी विचारलं नव्हतं. त्याचं मत मी जसंच्या तसं, विनाशुल्क आयात केलं आणि ग्रुपवर वाटून टाकलं. वर आणखी हाफिसातली जुनी खुन्नस होतीच. एकाच टेबलाला बसून एकच काम करणाऱ्या दोघांचा पगार पासपोर्टच्या रंगाप्रमाणे ठरतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या माणसाने माझ्या पगारातून काही नेलं नव्हतं. पण कुणावर तरी काढायचा ना राग, आणि हा हाताशी होता. सोफा उचलत.

माणूस मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. उंच, थंड चेहऱ्याचा. जिन्यात भेटला की 'हॅलो' म्हणायचा, पुढे काही नाही. आम्हाला वाटे, माज. आमच्याकडे माणूस जिन्यात भेटला की आधी तब्येत, मग गाव, मग पगाराचा अंदाज. याने आमचा काहीच अंदाज घेतला नाही, म्हणजे आम्हाला मोजतच नाही.

ऑक्टोबरअखेर हवा जरा उतरली, आणि स्टोअररूममधून वास यायला लागला. आंबूस, उग्र, नाकात राहणारा. स्टोअरमध्ये आमच्या तांदळाच्या गोण्या, जुन्या सायकली, माझ्या आईने पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. एका सकाळी मी शोधाला गेलो. कोपऱ्यात गुडघ्याएवढं मातीचं भांडं. वर लाकडी फळी, फळीवर चांगला दोन किलोचा धोंडा. फळीच्या कडेने फेस. कान लावला तर आत बुडबुडत होतं.

आता मराठी माणसाला सांगा, आडबाजूच्या खोलीत मातीचं भांडं, वर दगड, आत फेस, आंबूस वास. डोक्यात पहिला शब्द कोणता येईल?

हातभट्टी.

मी फोटो काढला. वास घेतला. एकच गोष्ट केली नाही, फळी उचलून बघितलं नाही. चार बोटांची फळी. पण फळी उचलली असती तर पत्राला मजकूर उरला नसता, हे माझ्या हाताला माझ्या आधी कळलं असावं.

फोटो ग्रुपवर गेला. "व्हिलात दारू?" "मुलं खेळतात तिथे!" "अरबाबला कळलं तर सगळ्यांना बाहेर काढेल." सेक्रेटरींनी लिहिलं, "सर, तुम्हीच ड्राफ्ट करा." यल्ला, चला! लंच टाइममध्ये मी दीड पान ठोकलं. 'संशयास्पद फर्मेंटेशन', 'लहान मुलांच्या आरोग्यास धोका', 'कौटुंबिक व्हिलाचे बदलते स्वरूप'. आमचे सगळे हक्क राखून ठेवले. कोबी हा शब्द त्यात कुठेच नव्हता, कारण मला माहीतच नव्हतं की आत कोबी आहे.

सह्यांसाठी मी स्वतः फिरलो. पाच कुटुंबांच्या झाल्या, मालवणी टीव्ही मालिका बघता बघता, न वाचता. अडलो तळमजल्यावर. तिथे रत्नागिरीकडचे चाचा राहतात. जहाजांना किराणा पुरवणाऱ्या कंपनीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. अरबी आमच्या मराठीइतक्या सफाईने बोलतो. त्यांनी चष्मा लावून पूर्ण अर्ज वाचला. असं कोणी करेल याची मला सवय नव्हती.

"वासाचं लिवलंस?" चाचा म्हणाले.

"हो चाचा. फार उग्र येतो हो."

"माझ्या सुकटीचा पण उग्रच यायचा ना? तवा पण कागद तूच लिवलेलास. चाची बिचारी तीन वर्षं झाली, गच्चीवर शेगडी नेऊन सुकट भाजते. गुडघे दुखतात तिचे."

मला आठवलं. त्या अर्जाला मी 'एअर क्वालिटी' असा विषय दिला होता.

"चाचा, ते वेगळं होतं."

"वेगळं कसं रे? तवा मी होतो, आता तो हाय." कागद माझ्या हातात परत ठेवून ते म्हणाले, "सुकटीवर जगणारा माणूस मी. दुसऱ्याच्या वासावर सही करायला लाज नाय वाटणार मला? जा मेल्या, चहा हवा तर थांब."

मी चहाला थांबलो नाही. अर्ज एका सहीने कमी असा अरबाबकडे पाठवला.

चार दिवसांनी नातूर पोलंडवाल्याच्या दारावर कागद चिकटवून गेला. नव्या भाडेकरूला अरबाब आधी सहा महिन्यांचाच करार देतात. तो जानेवारीअखेर संपत होता. पुढे वाढवणार नाही. खलास. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. सेक्रेटरींनी लिहिलं, "हॅट्स ऑफ टू आवर ड्राफ्टिंग डिपार्टमेंट!" मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. विनयाने.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी घरी आलो तर मुलगी टेबलाशी बसलेली. वही उघडी, पेन्सिल खाली. आमच्या मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर ती इंग्रजीत देते.

"काय गं, काय झालं?"

"दे हॅव टू लीव्ह." ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पोलिश मुलगी हिच्याच वर्गात, एकाच बसमध्ये, शेजारच्या सीटवर. "शी हॅज चेंज्ड थ्री स्कूल्स, बाबा. थ्री. हर डॅड प्रॉमिस्ड धिस वॉज द लास्ट."

"इथे जवळपास दुसरा फ्लॅट मिळेल की."

"दे लुक्ड. देअर इज नथिंग ऑन अवर बस रूट." मग एकदम मान वर करून, "समबडी रोट अ लेटर. नातूर अंकल सेड इट वॉज इन व्हेरी गुड इंग्लिश."

इंग्रजीची इतकी तारीफ मला आयुष्यात कधी टोचली नव्हती.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. हातातलं फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकून शांतपणे म्हणाली, "कशाबद्दल लिहिलंस?"

"स्टोअरमध्ये भट्टी लावलीय त्यांनी. दारूची."

"भट्टी?"

"मातीच्या भांड्यात. फेस येतो. मी स्वतः बघितलं."

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं पोहे करपल्यावर कढईकडे बघते. "त्या भांड्यात कोबी आहे. चिरून, मीठ लावून दाबून ठेवलेला. परवा तुला दिली ती कोशिंबीर कशाची वाटली?"

परवा. परवा मी पोळीबरोबर दोन वाट्या कोबी खाल्ला होता, वर हिंग-मोहरीची फोडणी. 'आज लिंबू झकास पिळलंयस' असं म्हणालोही होतो.

"मागच्या आठवड्यात मी त्या पोलिश बाईकडे इडल्यांचा डबा दिला होता," बायको सांगत होती. "डबा परत आला तो भरून. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे मी शिकवलं नव्हतं हं तिला. तिच्या आईने तिला शिकवलं होतं, जसं माझ्या आईने मला. आणि तू त्यांच्यावर दारूचा आळ घेतलास? आणि वर पुरावाही खाल्लास?"

मुलगी म्हणाली, "बाबा, इट वॉज यू?"

मी हो म्हणालो. ती वही मिटून आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर मला रागवायला तरी जागा मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी त्याच्या दारावर गेलो. जाताना मनात भाषण तयार केलं होतं, तीन मुद्द्यांचं. सवय. त्याने दार उघडलं. मी चप्पल काढून उंबऱ्याबाहेर ठेवली. त्यांच्याकडेही आत चपलांची रांग होती आणि पाहुण्यांसाठी सपाता वेगळ्या मांडलेल्या. तो बोलला इंग्रजीतच, माझ्यापेक्षा साध्या, म्हणून चटकन समजणाऱ्या.

"मी सांगायला आलो की ते पत्र..."

"तुझं आहे. माहीत आहे."

"कसं?"

"आमचे सगळे हक्क राखून ठेवत आहोत," तो म्हणाला. "नातूरने पत्र दाखवलं मला. साइटवर मला अशी पत्रं रोज येतात. ती लिहिणारी माणसं मी वासावरून ओळखतो."

मी माझा पहिला मुद्दा सुरू केला. त्याने हात वर केला.

"मी पाच वर्षं इंग्लंडमध्ये होतो. तिथे शेजारी काही लिहायचे नाहीत. गोड हसायचे. एक दिवस सकाळी खिडकीच्या काचेवर कागद. दोनच शब्द, घरी जा. तुझं पत्र त्यामानाने फार सभ्य होतं. दीड पान."

मला मेव्हण्याची आठवण झाली. तो कागद मेव्हण्याने चिकटवला नसेल हे मी शपथेवर सांगेन. पण तो चिकटवणाऱ्याला शेजारी बसवून मेव्हणा दर रविवारी चहा पाजत होता, आणि इकडे मी कप धरून उभा होतो, हे मात्र नाकारता येईना.

"आय ॲम सॉरी," मी म्हणालो.

"त्याचं मी काय करू?" तो रागावला नव्हता, खरंच विचारत होता. "माझी मुलगी दोन दिवस जेवली नाही. सॉरी मला नको. ज्याला खोटं सांगितलंस त्याला जाऊन खरं सांग."

"मग चला माझ्याबरोबर अरबाबकडे."

"मी का येऊ? मी काहीच चुकीचं केलेलं नाही." आणि त्याने दार लावलं. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, काहीतरी विचारल्यासारखा.

मी आधी सरळ मार्ग धरला. ग्रुपवर लिहिलं की माझी चूक झाली, भांड्यात कोबी आहे, आपण सगळे मिळून अर्ज मागे घेऊ. अर्ध्या तासाने सेक्रेटरींचा फोन.

"सर, ग्रुपवर असं नका लिहू. वर या."

वर गेलो. त्यांनी दार लोटलं, मला बसवलं, पाणी दिलं. "कोबी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"अहो, बायकांना सगळं माहीत असतं. पण विषय कोबीचा नाहीच आहे. माझा साडू शारजाला असतो, हमरिया फ्री झोनमध्ये कामाला. त्याची आता अबुधाबीला बदली होतेय. अरबाबशी माझं बोलणं झालंय. आपलं माणूस येईल. वस्ती आपली राहिली पाहिजे ना सर? आज एक आला, उद्या चार येतील. मग गणपतीत आरती कोणाबरोबर म्हणणार, कोबीबरोबर?"

म्हणजे माझं दीड पान साडूच्या सामानाखाली घालायची गोणी होती! संतापलो मी. इतक्या वर्षांत इतका कधी संतापलो नव्हतो, आणि त्या संतापात निम्म्याहून जास्त वाटा माझ्याच मूर्खपणाचा होता, तो वेगळा काढायला वेळ नव्हता.

"आपली म्हणजे कोणाची सर?" मी म्हणालो. "उद्या माझी कंपनी म्हणाली खलास, तर मला बॅगा भरायला लागतील. तुम्हालाही. आपण इथे आलो तेव्हा कोणी विचारलं होतं, हे कांदा-लसूणवाले कशाला आले म्हणून?"

"विचारलं असणार. तोंडावर नसेल विचारलं."

"मग आपण तरी तोंडावर विचारू नये इतकी अक्कल ठेवूया."

"सर, तुम्ही आपल्यात राहून त्यांची बाजू घेताय. एकटे पडाल."

"पडतो," मी म्हणालो आणि उठलो. शूर माणूस नाही मी. अकरा वर्षांत ज्यांच्या घरी हक्काने मीठ मागितलं ती सगळी घरं त्या एका शब्दाने बंद होणार होती. पण शब्द गेला होता, आणि खरं सांगू? परत घ्यावासा वाटला नाही.

शनिवारी सकाळी मी चाचांच्या दारात. हातात नवं पत्र, आणि बायकोने त्या पोलिश बाईकडून मागून आणलेली कोबीची काचेची बरणी.

"चाचा, अरबाबकडे येता का? मला अरबी येत नाही."

चाचांनी बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्या टायमाला काय लिवलंस?"

"खरं."

"किती पानं?"

"चार ओळी."

"मग येतो," म्हणत त्यांनी टोपी घातली.

अरबाबच्या मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या लांबलचक खोलीत, आम्हाला भिंतीलगत गाद्यांवर बसवलं. गहवा, म्हणजे त्यांची वेलचीची कॉफी, आला, खजूर आले. चाचांनी अरबीत कुशल विचारलं, अरबाबनी चाचांच्या गुडघ्यांची चौकशी केली, चाचांनी त्यांच्या उंटांची. माझी बरणी मांडीवर घामेजत होती. मग अरबाबनी माझ्याकडे वळून माझं दुसरं पत्र बघितलं, बाजूला पहिलं ठेवलं. जुन्या पिढीतले अमिराती हिंदी छान बोलतात, आपल्या पद्धतीची.

"ये तुम लिखा?"

"जी अरबाब."

"ये भी तुम लिखा?"

"जी."

"कौनसा झूठ?"

"पहलेवाला."

त्यांनी माझ्या मांडीवरून बरणी उचलली. झाकण उघडलं. वास सगळ्या खोलीत फिरला, उदाच्या धुरालाही भारी पडला. त्यांनी दोन बोटांनी कोबी उचलला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"ये तो मुखल्लल है," ते चाचांना म्हणाले. मुखल्लल म्हणजे त्यांच्याकडचं खारवलेलं लोणचं, प्रत्येक घरात असतं. "मेरा मां बनाती थी." मग माझ्याकडे बघितलं, आणि आवाज चढला नाही तरी मी गादीत खचलो. "मेरे घर में दारू, तुम ये लिखा. मैं डर गया. एक आदमी को बच्चे के साथ बाहर निकाला. ये गुनाह किसके ऊपर? मेरे ऊपर भी आया. तुम लाया."



"अरबाब, उन्हें रहने दीजिए," मी म्हणालो. "नाहीतर मैं निकलता हूं. मेरा फ्लॅट उन्हें दे दीजिए, उनका फ्लॅट ऊपरवाले सर के रिश्तेदार को."

चाचांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. अरबाब मात्र विचार करायला लागले. खरोखरच करायला लागले! एक अख्खा पेला गहवा संपेपर्यंत ते विचार करत होते आणि मी मनातल्या मनात बायकोला सांगायची वाक्यं जुळवत होतो. एकही जुळलं नाही.

"तुम्हारा बीवी को मालूम?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही... नहीं."

ते हसले. मिशीतल्या मिशीत, पण हसले. "पहले उसको पूछो. बाद में बडा बात बोलो." मग चाचांना अरबीत काहीतरी सांगितलं. चाचांनी मला समजावलं: सेक्रेटरींना साडूसाठी त्यांनी शब्द दिलेला नव्हता. इन्शाल्ला, म्हणजे देवाची इच्छा असेल तर, इतकंच म्हणाले होते. आखातात इतकी वर्षं काढूनही सेक्रेटरींनी इन्शाल्लाचा अर्थ 'हो' असा घेतला, हे ऐकून त्या परिस्थितीतही मला बरं वाटलं. मूर्ख मी एकटाच नव्हतो.

पोलंडवाल्याला पूर्ण वर्षाचा करार मिळाला. नातूर तोच, दारही तेच, त्यानेच जुना कागद नखाने खरवडून काढला. मला मात्र शिक्षा झाली. अरबाबनी बोट दाखवून सुनावलं, "आज से तुम नो लेटर. एसी का भी नहीं. किसी को प्रॉब्लेम है, वो इधर आएगा, दूसरा आदमी भी इधर आएगा. दोनों साथ बैठेगा, गहवा पिएगा, फिर बोलेगा." अकरा वर्षांची माझी वकिली संपली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, फ्लॅट देऊ केल्याचंही. ती म्हणाली, "घेतला असता तर तू गच्चीवर झोपला असतास." मुलगी त्या रात्री माझ्या शेजारी बसून जेवली. त्याहून जास्त मी अपेक्षाही केली नव्हती.

ग्रुपमधून मला दुसऱ्याच दिवशी काढलं. चाचांना काढलं नाही, ते स्वतःच बाहेर पडले. "माझा पण दम कोंडतो तिथं," म्हणाले. संक्रांतीचा तिळगूळ आमच्याकडे वरून आला नाही. आम्हीच दारोदार नेला. सहा घरं होती, सहाही दारं वाजवली. चार जणांनी घेतला, एकाने घेतला पण गोड बोलला नाही. सेक्रेटरींनी दार उघडलंच नाही. आत टीव्ही चालू होता. आता चाची सुकट खाली स्वतःच्या ओट्यावर भाजते, आणि वास आला की मी खिडकी मुद्दाम उघडी ठेवतो. पोलंडवाला जिन्यात भेटला की अजूनही फक्त 'हॅलो' म्हणतो. त्याने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही, आणि ते त्याचं देणं आहे असंही मला वाटत नाही. एकदा मात्र मी बस स्टॉपवर दोन्ही मुलींना सोडायला गेलो, तेव्हा तो मागून आला आणि माझ्या मुलीची विसरलेली पाण्याची बाटली तिच्या हातात ठेवून गेला.

फेब्रुवारीत पार्किंगमध्ये सेक्रेटरी समोर आले. टाळता येईल एवढी जागा दोन गाड्यांमध्ये नव्हती.

"सर," ते म्हणाले, "तुमच्यामुळे माझा साडू रोज शारजाहून येतो-जातो. दीड तास जायला, दीड यायला. मुलं बापाचं तोंड बघत नाहीत. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," मी म्हणालो. "वाईट वाटतं त्याचं. खरंच वाटतं."

"आणि तरी?"

"आणि तरी. माझ्यामुळेच झालं ते. परत अशी वेळ आली तर परत तेच करीन."

"मी हे अरबाबच्या कानावर घालणार आहे."

"अवश्य घाला. बोलवा मला, समोर बसतो तुमच्या. गहवा चांगला असतो त्यांच्याकडे." ते किल्ली हातात फिरवत उभेच राहिले, म्हणून मी पुढे म्हणालो, "आणि लवकर बोलवा सर. साडूंनाही आणा. चार घरं सोडून एक फ्लॅट रिकामा होतोय असं चाचा म्हणत होते. शेजारी पाकिस्तानी डॉक्टर आहे आणि वर फिलिपिनो. चालणार असेल तर सांगा, मी आजच नेऊन दाखवतो."

त्यांनी गाडी सुरू केली. काच खाली करून विचारलं, "किती बेडरूम आहेत?"